सगळी माणसे खोटी, मग नथनेल निष्कपट कसा?

आमच्या वर्गातल्या एका मुलीने दोन पानी पत्र दिले. तिच्या प्रश्नाचा गाभा असा: "स्तोत्र ११६ म्हणते, सगळी माणसे लबाड आहेत. पौल रोमकरांना लिहितो, देव खरा आणि प्रत्येक मनुष्य खोटा ठरो. पण योहानाच्या पहिल्याच अध्यायात येशू नथनेलाला पाहून म्हणतो, हा खरा इस्राएली, याच्यात कपट नाही. प्रकटीकरणात १,४४,००० माणसे अशी आहेत की त्यांच्या तोंडी खोटे सापडले नाही. राहाब आणि मिसरातल्या सुइणी सरळसरळ खोटे बोलल्या, तरी त्यांचे भलेच झाले. काका, यातले खरे काय धरायचे? आणि सगळीच माणसे खोटी असतील, तर हे लिहिणारीही माणसेच होती ना?" खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: "ऑफिसात मला मागच्या तारखेची बिले करायला सांगतात. म्हणतात, सगळेच करतात."

तुझे पत्र मी तीनदा वाचले. उत्तर लांबणार आहे. वचनांचा अर्थ मी माझ्या शब्दांत देतो, तू आपले पवित्र शास्त्र शेजारी उघडून ठेव आणि प्रत्येक ठिकाणी मागचा-पुढचा अध्याय स्वतः वाच.

मी पाद्री नाही. ३१ वर्षे मुंबईच्या न्यायालयांत दुभाषी होतो. त्यातली बरीच वर्षे धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, घरमालक आणि भाडेकरू यांच्या दाव्यांत गेली. बुधवारचा बायबलचा वर्ग घेतो त्यालाही आता पंचवीसेक वर्षे झाली. दुभाष्याला एक सवय लागते. वाक्य कानावर पडले की तो आधी पाहतो, हे कोण बोलतोय, कुणाला बोलतोय, कशाच्या उत्तरात बोलतोय आणि नेमका शब्द कोणता वापरला. साक्षीदाराचे वाक्य मागच्या-पुढच्यापासून तोडून इंग्रजीत टाकले तर एखाद्याची राहती खोली जाऊ शकते. तू दिलेली वचने मी त्याच सवयीने वाचतो.

स्तोत्र ११६ पासून सुरुवात करू. हा माणूस मरणाच्या दाढेतून परत आला आहे. मृत्यूच्या दोरांनी मला वेढले होते, असे तो सुरुवातीलाच सांगतो. मग अकराव्या वचनात म्हणतो, मी घाबरून, उतावीळपणे म्हणालो, सगळी माणसे लबाड आहेत. इथे 'मी म्हणालो' हे शब्द सोडू नकोस. त्या घडीला तोंडून काय निघाले ते तो सांगतोय. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये दाराशी उभा असलेला एखादा गृहस्थ "इथून तिथून सगळे चोर आहेत" म्हणतो, तेव्हा डब्यातले कुणी त्याच्याकडे पुरावा मागत नाही. याच्यावर आज काहीतरी गुदरले आहे, एवढे सगळ्यांना कळते.

मूळ हिब्रू शब्द 'कोझेव' आहे. त्या धातूचा अर्थ खोटे बोलणे असा आहेच, पण ऐन वेळी दगा देणे, आटून जाणे असाही आहे. यशयाच्या ५८ व्या अध्यायात, ज्या झऱ्याचे पाणी कधी दगा देत नाही अशा झऱ्याचा उल्लेख आहे, तिथे हाच धातू आहे. आमच्या कोकणातल्या गावचा पऱ्ह्या पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहतो आणि होळीनंतर हंडा घेऊन जावे तर कोरडे गोटे. स्तोत्रकर्त्याची तक्रार त्या जातीची आहे. ज्यांच्यावर भिस्त ठेवली ते आटले. आणि गंमत नव्हे, फार गंभीर गोष्ट आहे ही, की तोच माणूस पुढे दोनदा म्हणतो, मी माझे नवस परमेश्वराच्या सर्व लोकांच्या देखत फेडीन. चौदाव्या वचनात एकदा, अठराव्यात पुन्हा. सगळी माणसे खोटी हे त्याचे ठाम मत असते, तर स्वतःच्या शब्दाला त्याने किंमत दिली नसती आणि त्याच माणसांना साक्षीला उभेही केले नसते.

आता पौल. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो हेच स्तोत्रातले शब्द घेतो, पण वेगळ्या कामासाठी. प्रश्न चालला आहे देवाच्या विश्वासूपणाचा. काही जण अविश्वासू निघाले म्हणून देवाचा शब्द मोडतो का? पौल म्हणतो, छे! देव खरा आणि प्रत्येक मनुष्य खोटा ठरो. ग्रीकमधले क्रियापद आज्ञार्थी आहे. 'होवो', 'ठरो' असे. 'आहे' असे नाही. शिरगणती करून काढलेला निष्कर्ष असा त्याचा सूर नाही. देव आणि माणूस समोरासमोर उभे राहिले आणि दोघांपैकी एकाचेच म्हणणे टिकणार असेल, तर देवाचे टिको, मग पलीकडे अख्खी मानवजात का असेना, असे तो म्हणतोय. आपल्या मराठीत 'खोटा' हा शब्द बघ किती ठिकाणी जातो. खोटा माणूस, खोटे नाणे, खोटी सही, आणि खोटा ठरणे. पहिल्या तिन्हींत खोट अंगातच असते. 'ठरणे' मात्र कुणापुढे तरी होते, तपासणीनंतर होते.

आणि पौल लगेच पुढे कुठले वचन देतो? स्तोत्र ५१. तुझा न्याय खरा ठरावा, न्यायाच्या वेळी तू जिंकावेस, हे ते वचन. इथे मला माझे न्यायालय दिसू लागते, म्हणून जरा थांबतो.

मराठीत नोंदलेल्या साक्षी तू कधी वाचल्या नसशील. त्यात उलटतपासाच्या शेवटी एक ठरलेले वाक्य असते. समोरचा वकील साक्षीदाराला सुचवतो की तुम्ही खोटी साक्ष देत आहात, आणि नोंद होते: "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." हजारो वेळा मी हे वाक्य इंग्रजीत सांगितले असेल. खरे बोलणाराही तेच म्हणतो, खोटे बोलणाराही तेच म्हणतो. कुणीही दुसरे काही म्हणत नाही.

एकदाच वेगळे घडले. साठीच्या पुढची बाई होती, फिकट जांभळी नऊवारी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड आणि विजेची बिले. भाडेकरू वारला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे खोलीचा हक्क जातो, म्हणून मुलगा त्याच खोलीत राहत होता की नाही यावर सगळा दावा अडला होता. सरतपासात, म्हणजे तिच्याच वकिलाने विचारले तेव्हा, तिने सांगितले होते, मुलगा माझ्याजवळच राहतो. उलटतपासात दोन प्रश्न झाले आणि तिसऱ्याला ती गप्प झाली. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, मी खोटं बोलले. तो नालासोपाऱ्याला राहतो. खोली जाईल म्हणून बोलले." न्यायाधीशांनी मला विचारले, काय म्हणाल्या? तिच्या वकिलाचा चेहरा मला दिसत होता. मी शब्दाला शब्द सांगितले. लघुलेखकाची बोटे क्षणभर थांबली आणि मग टाइप झाले. त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यांत खरा माणूस कोण होता असे मला कुणी विचारले, तर मी तिच्याकडे बोट दाखवीन, आणि ते ती स्वतःला खोटी म्हणाली त्या वाक्यासाठी.

स्तोत्र ५१ ला मथळा आहे: दावीद बथशेबेकडे गेल्यानंतर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तेव्हाचे हे स्तोत्र. २ शमुवेल ११ आणि १२ वाच. बथशेबा ही उरीया या सैनिकाची बायको. ते झाकायला दावीद राजाने उरीयाला मारण्याचा हुकूम चिठ्ठीत लिहिला आणि ती चिठ्ठी उरीयाच्याच हाती पाठवली. इतके थंड डोक्याचे कपट बायबलात फार थोड्या ठिकाणी आहे. एका श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिसकावली अशी गोष्ट नाथान सांगतो, दावीद चिडून निकाल देतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच आहेस. तिथे राजाला 'हे म्हणणे खरे नाही' म्हणता आले असते. त्याला अडवणारा कोण होता? तो म्हणाला, मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. पौल 'प्रत्येक मनुष्य खोटा ठरो' म्हणताना हा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आहे. त्या वाक्यात माणसाची निंदा कमी आणि कबुली जास्त आहे. योहान आपल्या पहिल्या पत्रात नेमके उलट टोक दाखवतो: आपण पाप केलेच नाही असे म्हटले, तर आपण देवाला खोटा ठरवतो. 'खोटा' यासाठी दोन्हीकडे एकच ग्रीक शब्द आहे, 'प्सेउस्तेस'.

तू विचारतेस, लिहिणारीही माणसेच, मग त्यांचे काय? एक गोष्ट खोटी निघाली की साक्षीदाराची सगळी साक्ष फेकून द्यायची, असा नियम आपल्या देशातल्या न्यायालयांत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितले आहे. दाणे आणि भुसा वेगळा करायचा, आणि ते काम न्यायाधीशाने कष्टाने करायचे. शिवाय हे लिहिणाऱ्यांनी काय लिहून ठेवले ते बघ. येशूचा शिष्य पेत्र याने कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला नाकारले, हे चारही शुभवर्तमानांत आहे. ख्रिस्ती मंडळीच्या पहिल्या पुढाऱ्याचे खोटे बोलणे एकानेही झाकले नाही. मी साक्षी ऐकत आयुष्य काढले. आपल्याच माणसाची अब्रू जाईल असे सांगणाऱ्या साक्षीदाराकडे मी कान देऊन ऐकतो.

पौलाने आपला सहकारी तीत याला लिहिलेल्या पत्राचे तू विचारले नाहीस, पण कुणी ना कुणी ते तुझ्यापुढे टाकेलच. क्रेत बेटावरचे लोक नेहमी खोटे बोलतात, असे त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, आणि ही साक्ष खरी आहे असे पौल लिहितो. तर्कशास्त्रवाल्यांना हे कोडे फार आवडते: क्रेतकरच म्हणतो क्रेतकर खोटे, मग तो खरा की खोटा? पण त्याच अध्यायात वर बघ. पौलाने तीताला क्रेतात कशासाठी ठेवले? गावोगाव वडील नेमायला. निर्दोष, विश्वासू माणसे निवडायला. ती माणसे बाहेरून येणार नव्हती, त्या 'नेहमी खोटे बोलणाऱ्या' क्रेतकरांतूनच निवडायची होती. 'नेहमी'चा अर्थ तेवढ्यावरून कळतो.

प्रकटीकरणाबद्दल फार लिहीत नाही. ती १,४४,००० माणसे पृथ्वीवरून खंडून, म्हणजे मोल देऊन सोडवून, घेतलेली आहेत असे तिथेच म्हटले आहे. सफन्या संदेष्ट्याने उरलेल्या इस्राएलाबद्दल जे वचन दिले होते, की त्यांच्या तोंडी कपटी जीभ सापडणार नाही, ते तिथे पुरे होते. प्रवास संपल्यावरचे ते चित्र आहे. आज सकाळी मशीद बंदरला उतरून कामावर गेलेल्या माणसाचे नव्हे.

राहाब आणि सुइणी यांच्याशी मात्र मी अजून झगडतो. निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा फारो इब्री मुलगे जन्मतःच मारायला सांगतो, आणि शिप्रा व पुवा या सुइणी ते करत नाहीत. फारोला सांगतात, इब्री बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत त्यांची सुटका होते. देवाने त्यांचे भले केले. यरीहोतली राहाब छपरावर जवसाच्या काड्यांखाली इस्राएली हेरांना लपवते आणि राजाच्या शिपायांना सांगते, ते गेले, कुठे गेले मला ठाऊक नाही, लवकर पाठलाग करा. इब्री लोकांस पत्र आणि याकोबाचे पत्र दोन्ही तिला वाखाणतात. नीट पाहिलेस तर सुइणींच्या बाबतीत कारण दिले आहे की त्यांनी देवाचे भय धरले. राहाबेच्या बाबतीत कौतुक आहे ते हेरांना घरात घेतल्याचे, दुसऱ्या वाटेने काढून दिल्याचे. तिच्या वाक्यांबद्दल दोघेही गप्प आहेत. मंडळीचा जुना आचार्य ऑगस्टीन याने यावरूनच सांगितले की बक्षीस दयेला मिळाले, खोट्याला नाही. खोटे कुठलेही असो, पापच. त्याच काळातला मठवासी योहान कॅसियन म्हणत होता की खोटे हे एका विषारी मुळीसारखे आहे. जिवावरच्या दुखण्यात औषध, धडधाकट माणसाला विष. सोळाशे वर्षे झाली, मंडळीत दोन्ही मते आहेत.

जानेवारी १९९३, मुंबईतल्या दंगलीचे दिवस. आम्ही तेव्हा चाळीत राहत होतो. रस्ते बंद, दूध नाही, रात्री कुठून तरी जळका वास. समोरच्या खोलीतली बाई आणि तिची दोन मुले आमच्या मोरीत, पडद्याआड बसली होती. जिन्यावर पावले वाजली आणि पाच-सहा पोरे दारात आली. त्यांतली दोघे माझ्या ओळखीची. आई पोळपाटावर भाकरी थापत होती. पिठाचे हात घेऊन ती उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. "समोरचे कुठे गेले?" "गावाला गेले परवाच." "घरात कोण आहे?" "मी आणि माझा मुलगा. बघायचंय? चपला काढून ये आत." कुणी आत आले नाही. ती परत येऊन बसली, आणि तव्यावरची भाकरी करपली होती ती तिने बाजूला काढली.

रात्रीच्या प्रार्थनेत ती मोठ्याने म्हणाली, "प्रभू, आज मी खोटं बोलले. उद्या ती पोरं परत आली तर परत बोलेन. तू काय ते बघ." मी तिला काही विचारले नाही. ऑगस्टीन आणि कॅसियन मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचले, पण माझ्या दृष्टीने त्या वादातले सगळ्यांत खरे वाक्य आईचे आहे. तिने खोट्याला खरे म्हटले नाही, आणि पोरांना मोरीबाहेरही काढले नाही. माझे मत विचारशील तर राहाबेने जे केले ते मी करीन, आणि आईसारखी प्रार्थनाही करीन. शास्त्रातून याहून सरळ नियम मला काढता आला नाही.

शपथेचे तू विचारले नाहीस, पण माझ्या धंद्यातले आहे म्हणून दोन ओळी. येशू म्हणतो, शपथच वाहू नका, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असो. आणि पौल करिंथकरांना लिहितो, मी देवाला साक्षी ठेवतो. गलतीकरांना लिहितो, देवासमोर सांगतो, मी खोटे बोलत नाही. मत्तय २३ वाचले की कळते येशू कशावर बोलत होता. मंदिराची शपथ मोडली तर चालते, मंदिरातल्या सोन्याची मोडायची नाही, अशा पळवाटा तयार झाल्या होत्या. शपथ म्हणजे खरे बोलण्याचा खास प्रसंग, म्हणजे बाकीच्या वेळी मोकळीक, हे त्याला मोडायचे होते. सिनेमात दाखवतात तसा ग्रंथावर हात आमच्याकडे कुणी ठेवत नाही. १९६९ च्या कायद्याने ईश्वराची शपथ घेता येते किंवा नुसते गांभीर्यपूर्वक कथन करता येते, आणि दोन्हींचे वजन सारखेच. दुभाष्यालाही ते करावे लागते. मी कायम दुसरा मार्ग घेतला.

आता ती वेगळ्या शाईतली ओळ. सगळेच करतात, हे वाक्य स्तोत्र ११६ सारखेच आहे. त्यात स्वतःची सुटका शोधायची नाही. पौलाला ही पळवाट माहीत होती. त्याच तिसऱ्या अध्यायात तो विचारतो, माझ्या खोटेपणामुळे देवाचा खरेपणा उठून दिसत असेल तर मग वाईटच करू या का? आणि म्हणतो, असे बोलणाऱ्यांना शिक्षा होते ती रास्तच. राहाबेचा आधारही इथे घेऊ नकोस. तिच्या छपरावर दोन जीव होते. बिलावरच्या तारखेमागे कुणाचा जीव लपलेला नाही, कुणाचा तरी कर लपलेला आहे. साहेबांना आवाज न चढवता सांगता येते, "सर, बिल ज्या तारखेला आले ती तारीख मी टाकते. दुसरी टाकायला मला सांगू नका." कारणे देत बसू नकोस. ते रागावतील, कदाचित काम बदलतील, कदाचित काढूनही टाकतील. स्तोत्र १५ मध्ये देवाच्या डोंगरावर कोण राहील याचे उत्तर आहे, त्यात एक ओळ अशी आहे की जो स्वतःचे नुकसान झाले तरी शब्द फिरवत नाही. नुकसान होईल हे तिथे धरूनच चालले आहेत. आणि आजवर काही बिले तू केली असशील, तर ती कुठली ते एका कागदावर लिहून ठेव. माझ्याकडे आण, आपण बसून बघू. मी रागावणार नाही.

नथनेल मी मागे ठेवला, कारण त्याच्यापाशीच हे सगळे एकत्र येते.

येशूच्या मागे नुकताच गेलेला फिलिप्प त्याला सांगतो, नासरेथचा येशू आम्हाला सापडला आहे. नथनेल म्हणतो, नासरेथातून काही चांगले निघेल काय? आपण एखाद्या वस्तीबद्दल तोंड वाकडे करून बोलतो, तसेच आहे ते. ते खरेही नव्हते आणि चांगलेही नव्हते. पण मनात होते तेच त्याने तोंडावर म्हटले, आणि 'ये, बघ' म्हटल्यावर उठून गेला. येशू त्याला पाहून म्हणतो, याच्यात कपट नाही. शब्द आहे 'दोलोस'. पौलाचा 'प्सेउस्तेस' नाही. दोलोस म्हणजे डाव, गळाला लावलेले आमिष. नथनेल कधीच चुकीचे बोलला नाही असे येशू म्हणतच नाही. त्याच्या पोटात एक आणि ओठात एक नाही, इतकेच म्हणतो. मराठीत 'खोटे' आणि 'कपट' हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत, हे आपले भाग्य. पंडिता रमाबाईंसारखी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलाचे भाषांतर करत राहिली, ती अशा शब्दांसाठी.

आणि 'खरा इस्राएली' का? इस्राएल हे नाव याकोबाचे, आणि उत्पत्ती २७ मध्ये याकोबाने थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद पळवला तेव्हा बाप एसावाला म्हणतो, तुझा भाऊ कपटाने आला. त्या ठिकाणी जुन्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे, दोलोस. येशू पुढे नथनेलाला म्हणतो, देवदूतांना चढताना-उतरताना तुम्ही पाहाल. ती याकोबाने स्वप्नात पाहिलेलीच शिडी.

हे मी वर्गात सांगितले त्या बुधवारी आम्ही उत्पत्तीचे ते अध्याय सलग वाचले. आंधळा बाप विचारतो, माझ्या मुला, तू कोण आहेस? याकोब म्हणतो, मी एसाव, तुमचा थोरला. हातांना करडांची कातडी गुंडाळलेली. इतक्या लवकर शिकार कशी मिळाली, असे विचारल्यावर खोट्यात देवाचे नावही ओढतो. मग मामाकडे पळतो, वीस वर्षे राबतो, लग्नाच्या रात्री स्वतः फसवला जातो आणि सकाळी मामाला विचारतो, मला का फसवलेत? परतीच्या वाटेवर, यब्बोक ओढ्याकाठी, अंधारात कुणीतरी त्याच्याशी पहाटेपर्यंत झोंबी घेतो आणि विचारतो, तुझे नाव काय? बापाने विचारलेलाच प्रश्न. या वेळी तो म्हणतो, याकोब. एसावाने रडत म्हटले होते, याचे याकोब हे नाव बरोबरच आहे, दोनदा मला याने ठकवले. म्हणजे नाव सांगणे हीच कबुली. आणि त्या उत्तरावर त्याला नवे नाव मिळते, इस्राएल. सूर्य उगवतो तेव्हा तो लंगडत चाललेला असतो.

वाचणाऱ्या बाईंनी पुस्तक मिटायला घेतले. मी म्हटले, ३३ वा अध्यायही वाचा. एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, दोघे रडतात. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, पोरे लहान आहेत, गुरे दुभती आहेत, तुम्ही पुढे व्हा, मी हळूहळू सेईरला येतो. त्याच दिवशी एसाव सेईरच्या वाटेला लागला. आणि याकोब सुक्कोथला गेला. तिथे त्याने घर बांधले आणि गुरांसाठी मांडव घातले.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे परत?"

"हो," मी म्हणालो, "परत."

त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्या वचनापासून वाचायला घेतले.